पेंटर भावाला आरपी निघालंय, ब्रश सोडायचा का?

ताई, तुमचं म्हणणं मला कळलं ते असं. भाऊ ३४ वर्षांचा, जिंतूरला बोर्ड आणि भिंती रंगवायचं काम, फावल्या वेळात देवाधर्माची चित्रं, कुणाच्या आजोबांचं पोर्ट्रेट. रात्रीचं नीट दिसत नाही हे लहानपणापासून होतंच, घरात कुणी मनावर घेतलं नाही. आता दिवसासुद्धा बाजूनं आलेली मोटरसायकल दिसेना म्हणून दवाखान्यात नेलं तर रेटिनायटिस पिगमेंटोसा निघालं, म्हणजे आरपी, डोळ्याच्या पडद्याचा आजार. उपाय नाही म्हणले. तेव्हापासून त्यानं ब्रश धुऊन डब्यात ठेवलेत ते ठेवलेतच. फ्लेक्सनं धंदा आधीच खाल्लेला, त्यात हे. आणि तुम्ही विचारताय की त्याला चित्र काढ म्हणायचं का, की ते जखमेवर मीठ चोळल्यासारखं होईल.

मला स्वतःला आरपी आहे. अंबाजोगाईला शाळेत ड्रॉइंग मास्तर होतो, आता रिटायर. मधली नजर थोडी उरलीये, तेवढ्यावर अजून काम करायलो, आणि नजर गेलेली पोरं, बाया येतात त्यांना शिकवतो पण. म्हणून सरळ सांगतो, काढायला लावा. फक्त ‘पहिल्यासारखं काढ’ म्हणू नका, पहिल्यासारखं होणार नाही हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं माहितीये. जेवढी नजर हातात आहे तेवढ्या मापाचं काम आखून घ्यायचं, साइज, अंतर, उजेड, कुठली रेघ आधी मारायची, सगळं. आणि हे नजर अजून शिल्लक असताना करायचं, कारण हाताला सवय लागायला वेळ लागतो, आणि डोळा साक्षीला आहे तोवर हात लवकर शिकतो.

आता बघा, नुसतं ‘नजर कमी झाली’ म्हणल्यानं काहीच कळत नाही. म्हाताऱ्या माणसांना मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाचा त्रास होतो त्यात मधलं जातं आणि कडेचं राहतं, समोरच्याचा चेहरा पुसल्यासारखा पण दारातली चप्पल बरोबर दिसते. आरपीत बरोबर उलटं, पडद्यावरच्या अंधारात आणि कडेनं बघणाऱ्या पेशी आधी मरतात, म्हणून पहिलं रात्रीचं जातं, मग कडेचं, आणि मधली खिडकी लहान लहान होत जाते. काचबिंदू पण कडेनंच खातो, साखरेचा त्रास असला की मध्येच कुठंही डाग. तर मॅक्युलावाल्याला मोठं काढ, जवळ जाऊन काढ, नजर जरा तिरकी ठेवून बघ असं सांगतात आणि ते बरोबर आहे, पण तोच सल्ला आरपीवाल्याला दिला की त्याचं वाटोळं होतं. तुम्ही लिहिलंय ना, की भाऊ मोठी मोठी अक्षरं काढून बघायला लागला आणि सगळी वाकडी आली म्हणून रडला. ती वाकडी येणारच होती.

हिशोब सोपा आहे. समजा त्याची खिडकी १० अंशांची उरलीये. ५० सेंटीमीटरवरून, म्हणजे आपण ब्रश धरून भिंतीजवळ उभे असतो तेवढ्यावरून, त्याला एका वेळी साधारण पावणेनऊ सेंटीमीटरचा गोल दिसणार, बास. एक फुटाचा ‘क’ काढायला गेला तर गाठ दिसते तेव्हा दांडा दिसत नाही आणि दांडा दिसतो तोवर गाठ कुठं होती ते विसरलं. तोच माणूस २ मीटर मागं सरकला की गोल ३५ सेंटीमीटरचा होतो, अख्खा ‘क’ त्यात बसतो. म्हणजे त्यानं एक तर लहान काढायचं, पोस्टकार्डाएवढं, किंवा मोठं काढायचं असेल तर दर दोन रेघांना मागं जाऊन बघायचं. मागं जाण्यात एक धोका आहे तो सांगून ठेवतो. बोर्ड पेंटरला रस्त्याकडं पाठ करून मागं सरकायची सवय असते आणि आरपीवाल्याला बाजूनं येणारं काही दिसत नाही, तर मागं जिथवर जायचं तिथं सायकल नाहीतर स्टूल आडवं लावून ठेवायचं, टेकलं की थांबायचं. आणि शिडी बंद. ह्यात माझ्याकडं दुसरं मत नाही, कितीही सवय असू द्या, शिडीवरचं आणि पाळण्यावरचं काम त्यानं आजपासून सोडायचं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरची नावं, शाळेच्या बोलक्या भिंती, दुकानाच्या शटरचा खालचा भाग, असलं जमिनीवर उभं राहून होणारं काम घ्यायचं, आणि तेही दिवसाचं.

सारखं मागं-पुढं जायचा कंटाळा येतो त्याला एक जुगाड आहे. घराच्या दाराला बाहेर कोण आलंय ते बघायला भिंग बसवतात ना, ते हार्डवेअरच्या दुकानात सुटं मिळतं. घरातून बघतो त्याच बाजूनं डोळ्याला लावलं की समोरची अख्खी भिंत लहान होऊन त्या उरलेल्या खिडकीत बसते. बारकावे दिसत नाहीत पण ओळ वर चढली का, डाव्या अंगाला जागा जास्त सुटली का, हे कळतं. मोबाइलनं फोटो काढून स्क्रीनवर बघितलं तरी तेच काम होतं, वर रंग उलटे करून काळ्यावर पांढरं करता येतं, मी बऱ्याचदा तसंच बघतो.

आता अक्षरांचं. तुमचा भाऊ पेंटर आहे म्हणून हे जरा सविस्तर लिहितो, कारण इथं त्याच्याकडं असं काही आहे जे नुसत्या चित्रकाराकडं नसतं. देवनागरी अक्षर शिरोरेषेला लोंबतं. पेंटर लोक आधी वरची ओळ मारतात, खडूचा दोरा ताणून फट करून सोडतात, मग अक्षरं खाली उतरवतात. त्या खडूच्या ओळीच्या जागी दोराच ठेवायचा. बोर्डाच्या दोन्ही कडांना चुका ठोकून मधून नायलॉनचा बारीक दोरा घट्ट ताणायचा, एक शिरोरेषेला, एक खाली अक्षराच्या तळाला. डाव्या हाताचं मधलं बोट वरच्या दोऱ्यावर, अंगठा खालच्या दोऱ्यावर, उजव्या हातात ब्रश, आणि डावा हात सरकत जाईल तसं अक्षर उतरवत जायचं. काना म्हणजे एका दोऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सरळ खाली. दोन अक्षरांतलं अंतर बोटानं, एक बोट किंवा दोन बोटं जे ठरेल ते, पण सगळीकडं तेच. इतकी वर्षं ज्यानं ‘किराणा व जनरल स्टोअर्स’ लिहिलंय त्याला ‘र’ कसा वळतो हे डोळ्यानं बघावं लागत नाही, हात आपोआप वळतो, चुकतं ते अक्षर कुठं सुरू करायचं आणि कुठं थांबायचं, आणि ते काम दोरा करतो. वेलांट्या, मात्रा, रफार वरच्या दोऱ्याच्या वर जातात त्या शेवटी, दोरा काढल्यावर, वाळलेल्या अक्षरावर बोट ठेवून.

वाळलेल्या म्हणलं, इथंच ऑइलपेंटची अडचण येते. एनॅमल तासन्तास ओला राहतो, बोट लावलं की फासलं. म्हणून पाण्यात मिसळणारा अॅक्रिलिक धरायचा, आपल्याकडच्या उन्हात तर बघता बघता वाळतो, आणि मग त्यावर खुशाल हात फिरवा. दुसरी गोष्ट, अॅक्रिलिकचा मॅट घ्यायचा. एनॅमलची चकाकी आरपीच्या डोळ्याला लई त्रास देते, दुपारी तर समोर आरसा धरल्यागत होतं.

उजेडाचं पण सांगतो. आरपीवाल्याला उजेड भरपूर लागतो पण डोळ्यात आलेला चालत नाही, हे लोकांना विचित्र वाटतं. कपाळावर पुढं आलेल्या लांब कडेची टोपी, पिवळट नाहीतर ब्राउन काचेचा चष्मा (काच कुठली ते डॉक्टरांपुढं लावून बघून ठरवा, सगळ्यांना एकच सूट होत नाही), आणि घरात वाकणारा टेबल लॅम्प, ब्रशच्या हाताच्या विरुद्ध बाजूनं, म्हणजे हाताची सावली कामावर पडत नाही. उन्हातून घरात आला की लगेच कामाला बसवू नका, त्याच्या डोळ्याला सावलीत जमायला वेळ लागतो, तोवर चहा घेऊ द्या. कागद शक्यतो काळा किंवा गडद, त्यावर पांढरा, पिवळा पेस्टल. पांढऱ्या कागदावर एचबी पेन्सिल हा प्रकार विसरायचा. मी शाळेत असतानाच काळ्या कार्डशीटवर आलो होतो, पोरांना वाटायचं सरांची स्टाइल आहे.

रंग ओळखण्यात पुढं पुढं निळा, काळा, बाटलीसारखा हिरवा ह्यांत घोळ होतो, पिवळा आणि पांढरा पण एकच वाटतात. त्यावर भांडत बसायचं नाही. डब्यांना रबरबँड लावायचे, लालला एक, पिवळ्याला दोन, निळ्याला तीन, काळ्याला नाही, पांढऱ्याच्या झाकणावर एम-सीलचा टिपका. पॅलेटवर रंग कायम त्याच जागी घ्यायचे, बाराच्या काट्याला पांढरा, तीनला पिवळा, सहाला लाल, नऊला निळा. घरात कुणी त्याचे डबे आवरून ठेवायचे नाहीत, ह्यावरून माझ्या घरात भांडणं झालीत. मोबाइलवर ‘सीइंग एआय’ नावाचं अॅप आहे ते कॅमेऱ्यासमोर धरलेला रंग बोलून सांगतं, शर्टाचा रंग बघायला ठीक, पण उजेड बदलला की उत्तर बदलतं, मिश्रणासाठी त्याच्या भरवशावर राहू नये. ‘बी माय आइज’ वर माणूसच व्हिडिओवर येतो आणि बघून सांगतो, ते जास्त कामाचं.

हे झालं उरलेल्या नजरेवरचं काम. त्याच्या जोडीनं बोटांचं काम आत्ताच सुरू करायला लावा, आणि ‘पुढं दिसायचं बंद झालं तर’ असं म्हणत सुरू करू नका, नुसतं नवीन काम म्हणून द्या. सगळ्यात स्वस्त साधन म्हणजे जाळीचा बोर्ड. खिडकीला डासांची जाळी लावतात ती बारीक जाळी, धातूची घ्यायची, प्लॅस्टिकची दबते. ती हार्डबोर्डच्या तुकड्यावर ताणून कडेनं जाड टेपनं पक्की चिकटवायची, तारा टोचतात म्हणून कड नीट झाका. त्यावर साधा झेरॉक्सचा कागद क्लिपनं लावायचा आणि मेणाच्या खडूनं दाबून काढायचं. खालची जाळी खडूला टोकरते आणि कागदावर मेणाची दाणेदार रेघ उमटते, ती बोटाला लागते. काढता काढता डाव्या हाताचं बोट मागून फिरवत राहायचं म्हणजे आपण कुठं आलो ते कळतं, गोल बंद झाला का नाही ते कळतं. मी नवीन माणसाला पहिल्यांदा बैल काढायला लावतो, कारण आपल्याकडं प्रत्येकानं लहानपणी पोळ्याला मातीचा बैल केलेला असतो, बैलाचं वशिंड, शिंगं, गळ्याखालची पोळी हातानं माहिती असतात. नुसत्या डोळ्यानं बघितलेल्या गोष्टीपासून सुरू केलं की माणूस आठवत बसतो आणि हात थांबतो.

कायमचं चित्र करायचं तर मेंदीचा कोन. नुसता फेविकॉल भरला तर तो वाळला की पाणी उडून रेघ बसते, बोटाला लागत नाही, म्हणून त्यात खडूची पावडर किंवा बारीक रांगोळी कालवायची, कोनातून दाबल्यावर आकार धरेल इतपत घट्ट. प्लायवर आधी रेघा, रात्रभर वाळू द्यायचं, मग रेघांच्या मधल्या जागेत बोटानं किंवा ब्रशनं रंग भरायचा, रेघ लागली की ब्रश थांबतो. अमेरिकेत जॉन ब्रॅम्ब्लिट म्हणून चित्रकार आहे, २००१ मध्ये फिट्सच्या आजारातून त्याची नजर पूर्ण गेली, तो असंच उठावाच्या रेघा मारून काम करतो, शिवाय रंग कमी-जास्त घट्ट ठेवतो म्हणजे बोटांत धरला की कुठला ते समजतं. आपल्या बायकांना तर हे नवीन नाही. रांगोळीची चिमूट किती सोडायची हे बोटं ठरवतात, ठिपक्यांमधलं अंतर पण बोटांनीच मोजतात. माझ्याकडं काचबिंदूनं नजर गेलेल्या एक काकू यायच्या, त्यांना मी काय शिकवणार, त्यांच्याकडून मी कोन धरायला शिकलो.

मातीकाम पण करू द्या. फक्त शेतातली काळी माती घेऊ नका, ओली असताना फुगते आणि वाळली की तडतड फुटते, कुंभाराकडून कालवलेली आणा, ते त्यात राख, लीद घालून ती ताब्यात आणतात. गणपतीच्या आधी शाडू मिळते ती चालते. आणि वेरूळला नेणार असाल तर कैलास लेण्याच्या उघड्या चौकात ऊन तिरपं असताना न्या, तेव्हा उजेड बाजूनं येतो आणि उठाव सावलीनं कळतो. अजिंठ्याच्या आतल्या अंधारात आरपीवाल्याला काहीच मिळत नाही, नुसता धडपडतो.

तो म्हणेल हे सगळं मनाच्या समाधानासाठी आहे, खरे चित्रकार असं कुठं करतात. त्याला बंगालचे चित्रकार बिनोद बिहारी मुखर्जींचं सांगा. १९०४ चा जन्म, लहानपणापासूनच एक डोळा गेलेला आणि दुसऱ्याचा नंबर भलताच जास्त. त्या एका डोळ्यावर त्यांनी १९४६-४७ ला शांतिनिकेतनच्या हिंदी भवनाच्या भिंतींवर मध्ययुगीन संतांचं प्रचंड म्युरल केलं, कबीर, सूरदास, तुलसीदास सगळे त्यात आहेत. पन्नाशी ओलांडल्यावर मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलं आणि होतं तेही गेलं, पूर्ण अंधार. त्यानंतर ते रंगीत कागद कापून कोलाज करायला लागले, मेणाच्या मूर्ती करायला लागले, आणि पुढं शांतिनिकेतनातच टाइल्सचं म्युरल केलं. सत्यजित राय त्यांचे विद्यार्थी, त्यांनी १९७२ मध्ये ह्या मास्तरांवर फिल्म काढली. कागद कापलेली ती कामं बघा, कात्रीची कड इतकी ठाम आहे की बघणाऱ्याला माहिती नसेल तर कळणार पण नाही. आणि मला त्यातलं पटतं ते असं की आंधळं झाल्यावर त्यांनी भिंतीवर ब्रश चालवायचा हट्ट धरला नाही, कागदाची कड बोटाला लागते म्हणून कात्री धरली. अमेरिकेतल्या चित्रकार जॉर्जिया ओकीफचं पण तसंच, मॅक्युला गेला, १९७२ नंतर मदतीशिवाय ऑइल पेंटिंग जमेना, तर मातीची भांडी करायला लागल्या.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही पण घरात सगळ्यांना सांगून ठेवा. नजर कमी झालेल्या काही लोकांना नसलेलं दिसायला लागतं, जाळ्या, नक्षी, फुलं, कधी लहान लहान माणसं. मेंदूला डोळ्याकडून पुरेसं काही येत नाही म्हणून तो स्वतःच चित्रं तयार करतो, ह्याला चार्ल्स बॉनेट सिंड्रोम म्हणतात. माणसाला ते खरं नाही हे माहिती असतं आणि त्याचं डोकं फिरलेलं नसतं. आमच्याकडं असं काही कुणी बोललं की बाहेरचं झालं म्हणून देवरुषाकडं नेतात, म्हणून बिचारी माणसं बोलतच नाहीत. डॉक्टरांना सांगा फक्त, औषधांमुळं नाही ना तेवढं ते बघतील. मी तर माझ्या जाळ्या काळ्या कागदावर काढून ठेवल्यात.

दवाखान्याचं थोडक्यात. आरपीवर गोळी, नस्य, पंचकर्म असलं काही सांगून पैसे मागणाऱ्याला दारात उभं करू नका. जीन थेरपी आहे, अमेरिकेत २०१७ मध्ये मंजूर झाली, पण ती आरपीई६५ ह्या एकाच जीनच्या बिघाडावर. मात्र आरपीवाल्यांना कमी वयात मोतीबिंदू पण होतो, आणि तो काढता येतो, म्हणून धुरकट दिसणं अचानक वाढलं तर ‘आरपीच आहे’ म्हणून घरी बसू नका. तुमच्या आईवडिलांचं मामाच्या घरातलं लग्न आहे असं तुम्ही लिहिलंय, तशा लग्नात हा आजार येण्याची शक्यता वाढते, म्हणून तुमचे स्वतःचे आणि भावाच्या पोरांचे डोळे एकदा तपासून घ्या.

आणि सर्टिफिकेट. तुम्हाला कुणीतरी सांगितलं की चष्मा लावून ६/९, म्हणजे समोरचं जवळपास स्वच्छ दिसतंय तर अपंगत्व बसत नाही. हे अर्धवट आहे. २०१६ च्या दिव्यांग कायद्यात किती बारीक दिसतं त्याबरोबर फील्ड, म्हणजे किती रुंद दिसतं ते पण धरलंय, ४० अंशांच्या खाली लो व्हिजन (कमी दृष्टी) आणि १० अंशांच्या खाली गेलं तर अंधत्व, समोरचं कितीही स्वच्छ दिसू द्या. त्यासाठी फील्ड टेस्ट लागते, पेरिमेट्री म्हणतात, मशीनमध्ये तोंड घालून ठिपका दिसला की बटण दाबायचं. जालन्यासारख्या ठिकाणी मोठ्या नेत्र रुग्णालयात होते, आणि परभणीवरून रेल्वेनं हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्र रुग्णालयात गेलात तर तिथं लो व्हिजन आणि पुनर्वसनाचा वेगळा विभागच आहे, तिथं भिंगं, चष्मे हातात घेऊन बघू देतात. रिपोर्ट घेऊन यूडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज करा, ४० टक्के अपंगत्व बसलं की पुढच्या योजना त्यावरच आहेत.

त्या फील्ड टेस्टच्या कागदावर प्रत्येक डोळ्याचं वेगळं चित्र छापलेलं असतं, काळं म्हणजे गेलेलं, पांढरं म्हणजे शिल्लक. मधलं पांढरं किती अंशांपर्यंत आहे आणि कुठल्या डोळ्यात जास्त आहे ते मला कळवा, म्हणजे त्यानं किती मोठ्या बोर्डावर आणि किती अंतरावरून काम करावं ते आकडा काढून सांगता येईल. रिपोर्ट येईपर्यंत जाळी आणून बोर्ड करायला त्यालाच सांगा, तुम्ही करून देऊ नका, त्याच्या हाताला हातोडी-टेपची सवय आहे.